वरून टाकू नको

दुर्गाबाईंना किळस फार लवकर येते. अकोल्यात त्यांच्या गल्लीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. लग्नाच्या पंगतीत वाढप्याचा अंगठा वरणात बुडालेला दिसला की त्या पानावरून उठतात. हॉटेलात ओला ग्लास समोर आला तर परत पाठवतात, दुसरा आला तर त्याकडे नुसतं पाहतात, आणि शेवटी पर्समधून स्वतःचा स्टीलचा पेला काढतात. एकदा व्याह्यांकडे चहाच्या कपावर माशी बसून उडून गेली. पडली नव्हती, हे दुर्गाबाईंनीही मान्य केलं. पण चहा मोरीत गेलाच, आणि व्याही वर्षभर फुगून बसले. जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स होत्या त्या, तेव्हा लोक म्हणतात, नोकरीनं लावलेली खोड आहे, दुसरं काय!

पण माणसाला चिकटलेलं सगळंच काही नोकरीनं चिकटलेलं नसतं. दुर्गाबाईंच्या घरात आणखी एक कायदा होता आणि त्याचा नर्सगिरीशी काडीचा संबंध नव्हता. वरून टाकू नको! त्यांच्या घरात कोणी कोणाकडे काही फेकायचं नाही, टाकायचं नाही. किल्ली असो, टॉवेल असो, संत्रं असो, हातात द्यायचं. पोळीसुद्धा ताटाला टेकवून ठेवायची, वरून सोडायची नाही. मीठ हातात दिलं की भांडण होतं असं सगळा मुलूख मानतो. दुर्गाबाई मीठही हातातच देतात आणि हातातच घेतात, आणि भांडण व्हायचं असेल तर होऊ द्या म्हणतात.

सून भावना नवी नवी आली तेव्हा तिनं तव्यावरची गरम पोळी सासूच्या ताटात जरा उंचावरून सोडली. चटका बसत असला तर कोण नाही सोडत? दुर्गाबाई जेवायच्या थांबल्या. "उचल ते, आन् पुन्हा दे," एवढंच म्हणाल्या. भावनानं उचलली, पुन्हा दिली, आणि रात्री माहेरी फोन लावून रडली. नात पिंकी तर हा कायदा दुधाबरोबरच प्यायली. आता ती आठ वर्षांची आहे, पुण्यात इंग्रजी शाळेत जाते, तरी वर्गात कोणी खोडरबर फेकून दिला तर घेत नाही. बाई तक्रार करतात. अनुप, म्हणजे दुर्गाबाईंचा एकुलता एक मुलगा, हसून सोडून देतो. आईचं डोकं आहे ते, त्याला कारण नसतं, असं तो बायकोला सांगत आला आहे. कारण होतं. फक्त ते दुर्गाबाईंनी कोणाला सांगितलं नव्हतं.

यंदा दिवाळीत मंडळी पुण्याहून अकोल्याला आली आणि चिखलदऱ्याला जायचं ठरलं. अकोट मागे पडलं, अंजनगाव सुर्जी मागे पडलं. दोन्ही बाजूंनी कपाशी फुटली होती, बाया ओटीत कापूस वेचत होत्या. भावना मोबाइलमध्ये बघून म्हणाली, "अनुप, पुढं एक जुन्या काळचं किराणा दुकान आहे. सगळे थांबतात तिथं. काय सुंदर फोटो आहेत बघ." आणि तिनं गावाचं नाव वाचलं.

गावाचं नाव आपण सांगणार नाही. अशी गावं त्या रस्त्यावर पाच-पन्नास आहेत, आणि एकाचं नाव घेतलं की बाकीची साळसूद होऊन बसतात.

ते दुर्गाबाईंचं जन्मगाव होतं. त्यांचे आईवडील हयात असतानाच सगळं घर अकोल्यात आलं, भाऊ तिथंच नोकरीला लागले, आणि मागे वळून बघावं असं गावात कोणी उरलं नव्हतं.

"थांबाची काय गरज हाय?" दुर्गाबाई म्हणाल्या. "परतवाड्याले जाऊन चहा घेऊ."

"आई, तुझंच तर गाव आहे. पिंकीले दाखव नं," अनुप म्हणाला. त्याचा हेतू चांगलाच होता. माणसाचे हेतू चांगले असले की त्याला नाही कसं म्हणायचं, हे दुर्गाबाईंना कधी जमलं नाही. त्या खिडकीबाहेर बघत बसल्या.

दुकान लांबूनच दिसलं, कारण पुढं गाड्यांची रांग होती. पूर्वी भगवंतराव नावाच्या माणसाचं ते दुकान. तो गेला, मुलानं कुलूप लावलं, कितीतरी वर्षं तिथं कुत्री व्यायली. मग रस्ता मोठा झाला आणि नातवाला, श्यामला, बुद्धी सुचली. आता भिंतींना शेणासारखा दिसणारा ऑइलपेंट होता. कंदिलात बल्ब होता. पितळी तराजूला झेंडूची माळ घातली होती आणि माल मोजायला त्याच्या खालीच इलेक्ट्रिकचा काटा होता. 'चुलीवरचा चहा' अशी पाटी होती, चूलही मांडली होती, आणि चहा मागच्या खोलीत शेगडीवर उकळून चुलीमागून बाहेर येत होता. सगळ्यांत वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : जुनी माणसं, जुनी माणुसकी.

ती पाटी वाचली आणि दुर्गाबाईंच्या तोंडाला आंबट पाणी सुटलं. ओकारी येण्याआधी सुटतं तसं.

"या, या! या मावशी, उतरा," श्याम गाडीपर्यंत आला. पस्तिशीचा, गोरटेला, हसतमुख गडी. डोक्याला भगवा-पिवळा फेटा. त्याच्या आज्यानं जन्मात फेटा बांधला नव्हता. काळी टोपी आणि कानात अत्तराचा फाया, असा तो बसायचा. दुर्गाबाईंच्या नाकात तो वास आत्ता पुन्हा शिरला.

"माहे गुडघे दुखतात. मी बसते इथंच," त्या म्हणाल्या. बाकीचे तिघं उतरून गेले. गाडीचं दार उघडं होतं, वारा येत होता, आणि दुर्गाबाईंना दुकानाची उजवी बाजू दिसत होती. ती पाहायची नाही असं ठरवूनही त्यांनी पाहिली.

पन्हळ तिथंच होती.

दुकानाच्या बाजूच्या भिंतीत, बोळीकडं तोंड करून, एक छोटी खिडकी. खिडकीच्या चौकटीपासून खाली उतरत आलेली टिनाची पन्हळ, घराच्या वळचणीला पाण्यासाठी लावतात तशीच, पण आखूड. तिला आता लाल-पिवळा रंग दिला होता. वर 'गंमत पन्हळ' असं लिहून फुलं काढली होती. समोर पोरांची रांग लागली होती. आत श्यामची बायको आरती बसून वरून लिमलेटच्या गोळ्या सोडत होती, आणि पोरं खाली ओंजळ धरून त्या झेलत होती. टप टप टप. एखादी गोळी मातीत पडली की पोरं किंचाळत होती, हसत होती, उचलून तोंडात टाकत होती. आयाबाप व्हिडिओ काढत होते.

दुर्गाबाईंची नजर पन्हळीखालच्या दगडावर गेली.

त्या बोळीत त्या उभ्या राहिल्या होत्या. तेव्हा त्या दुर्गी होत्या, पिंकीहूनही लहान. दुकानाचा पुढचा दरवाजा गावासाठी होता आणि ही खिडकी त्यांच्या वस्तीसाठी. भगवंतरावाला त्यांच्या हाताचा विटाळ होई. म्हणून खाली एका दगडावर पाण्याचा कटोरा असे. पैसा त्यात टाकायचा. मग माल पन्हळीतून घसरत येई, डाळ, मीठ, जे असेल ते, आणि खाली फ्रॉकचा ओचा धरून उभं राहायचं. ओच्यात पडलं ते आपलं. बाहेर पडलं तेही आपलंच, फक्त मातीसकट.

एकदा गुळाचा खडा पन्हळीच्या काठाला लागून उडाला आणि बोळीच्या नालीत पडला. दुकानातलं खरकटं पाणी त्याच नालीनं वाहायचं. दुर्गी नुसती बघत राहिली. खिडकीतून भगवंतराव म्हणाला, "उचल, उचल. तुमाले चालते." तो रागावला नव्हता. उलट हसत होता, अगदी समजुतीनं सांगत होता. दुर्गीनं खडा उचलला. मायनं तो धुतला आणि चहात घातला, कारण घरात दुसरा नव्हता. तो चहा दुर्गी प्यायली. पुढं जन्मभर किती ग्लास विसळले, किती पेले घासले, पण ती चव जिभेवरून गेली नाही ती नाहीच.

मग छप्पन साल आलं. दुर्गीचे वडील, जानराव, नागपूरला दीक्षेला गेले आणि पांढऱ्या कपड्यांत परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी मायनं सवयीनं दुर्गीच्या हातात वाटी दिली, मीठ संपलं होतं. जानरावांनी दारातून पोरीला उचललं आणि आत आणून ठेवलं. "आजपासून आपल्या घरचं कोणी त्या पन्हळीखाली उभं राहणार नाही," ते म्हणाले. "माहे लेकरं नाही, त्याईचे लेकरं नाही, त्याईच्या लेकराईचे नाही. वरून टाकलेलं घेणं नाही."

"मंग मीठ?" माय म्हणाली.

"अळणी खाऊ."

आणि अळणी खाल्लं. बाजाराच्या दिवसापर्यंत सगळ्या वस्तीनं अळणी वरण खाल्लं. मग जानराव आणि आणखी चौघं पायी अंजनगावला गेले आणि पोत्यानं मीठ घेऊन आले. पुढं दर बाजाराला हेच. भगवंतरावाच्या त्या खिडकीचा धंदा बसला तो बसलाच. पन्हळीत चिमण्यांनी घरटी केली. दुर्गीला त्या वयात मोठमोठ्या गोष्टी काही कळल्या नाहीत. तिला एवढंच कळलं की आता मीठ हातात मिळतं.

आणि आज त्याच पन्हळीला चिमण्यांच्या घरट्यांतून बाहेर काढून रंग दिला होता.

"पिंकी, जा ना, रांगेत उभी राहा, मी शूट करते," भावनाचा आवाज आला.

दुर्गाबाईंनी बघितलं तर पिंकी रांगेत होती. पुढं दोनच पोरं होती. जानरावांची पणती, नवा फ्रॉक घालून, दोन वेण्या बांधून, त्या पन्हळीच्या तोंडाशी चालली होती. आणि तिला पाठवलं होतं तिच्या आईनं, बाप बाजूला कौतुकानं बघत होता, कारण त्यांना कोणी काही सांगितलंच नव्हतं.

"अनुप!" दुर्गाबाई ओरडल्या. पण रस्त्यावरून ट्रक गेला आणि हाक त्यात गेली. गुडघे गेले चुलीत म्हणत त्या उतरल्या. चप्पल गाडीतच राहिली. रस्त्याची खडी पायाला टोचत होती आणि त्यांच्या मनात एकच होतं, की गोळी पडायच्या आधी पोचलं पाहिजे. बापानं दारातून उचलून आत ठेवलेली पोर त्या स्वतः होत्या. आता उचलायची पाळी त्यांची होती, आणि गुडघे साथ देत नव्हते.

दुकानासमोर श्याम कोणा पाहुण्यांना समजावून सांगत होता. "हे आमच्या आजोबाची आयडिया. शेतकरी लोक वावरातून चिखलाच्या पायानं येत, दुकान खराब होऊ नये म्हणून हे केलं त्याईनं. हुशार माणूस होता." पाहुणे वा वा म्हणत होते. दुर्गाबाईंना किळस आली. खोटं बोलणाऱ्याची किळस येते तशीही ही नव्हती. हा खोटं बोलतच नव्हता. त्याला हेच सांगितलं गेलं होतं आणि त्यानं ते गोड मानून घेतलं होतं.

त्या बोळीच्या तोंडाशी पोचल्या तेव्हा पिंकीचा नंबर आला होता.

"ओंजळ धर, बेटा," आरती वरून म्हणाली.

पिंकीनं दोन्ही हात पाठीमागे नेले. "वरून नका टाकू. हातात द्या."

"अगं, गंमत आहे ही. झेलायची गोळी!"

"आमच्या घरी वरून टाकलेलं घेत नाहीत," पिंकी म्हणाली. "हातात द्या, नाहीतर राहू द्या."

मागची पोरं ढकलायला लागली. भावना मोबाइल डोळ्यांपुढं धरून म्हणाली, "पिंकी, नखरे नको करूस, व्हिडिओ चालू आहे. घे पटकन." पिंकीनं आईकडं पाहिलं, पन्हळीकडं पाहिलं, आणि हात मागेच ठेवले. गोळी तिला हवी होती. लाळ गिळताना दिसत होती. पण ती रांगेतून बाहेर निघाली आणि समोर आजी दिसली, तर तिचा पदर धरून म्हणाली, "आजी, मी नाही घेतली."

दुर्गाबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मग त्यांनी हाक मारली. "ए पोरा! इकडं ये."

श्याम आला. "काय झालं मावशी? पोरगी रडली काय?"

"हे पन्हळ कोणासाठी होती, तुले कोनी सांगितलं?"

"चिखलाच्या पायानं लोक..."

"चिखल नोयता तो. आमी होतो." दुर्गाबाईंचा आवाज बोळीतून पार रस्त्यापर्यंत गेला. "आमचा हात लागू नये म्हणून तुह्या आज्यानं हे टिन ठोकलं. इथं, याच दगडावर कटोरा असे. पैसा पाण्यात टाका लागे. मी उभी राहिली हावो इथं ओचा धरून. नालीतला गूळ उचलला हाय मी, आन् तुहा आजा वरून हसत होता."

आरतीच्या हातातल्या गोळ्या हातातच राहिल्या. पाहुण्यांपैकी एक जण उगाच बरणी उचलून तिच्यातलं लोणचं बघायला लागला. भावनानं मोबाइल खाली केला. अनुप आईजवळ येऊन उभा राहिला.

"तसं नसन मावशी," श्याम म्हणाला. त्याचा चेहरा खरंच पडला होता. "आजोबा देवमाणूस होते. सगळे म्हणतात. आन् असन बी, तं ते दिवस गेले आता. तुमी पाहा नं, सगळ्याईचे पोट्टे एकाच लाइनीत उभे हायेत. कोनी जात पुसते काय?"

"लाइन एक झाली, पन्हळ तं तेच हाय नं? काढून टाक."

श्यामनं फेटा सारखा केला. इकडंतिकडं पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "मावशी, लोक याच्यासाठीच तं थांबून राहिले. दुसरं काय हाय माह्याजवळ?"

दुर्गाबाईंनी त्याच्याकडं नीट पाहिलं. वाईट माणूस नव्हता तो. वाईट असता तर सोपं झालं असतं, दोन शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. पण हा गोड होता, नम्र होता, आणि विटाळाला रंग लावून विकत होता. आजा तरी जे करत होता ते त्याच नावानं करत होता. दुर्गाबाईंना आज्याची आली नव्हती एवढी शिसारी नातवाची आली.

श्यामनं लगबगीनं आत जाऊन गोळ्यांचा पुडा आणला आणि दोन्ही हातांनी पुढं केला. "घ्या मावशी. पोरीसाठी. हे पाहा, हातात देऊन राहिलो."

हात स्वच्छ होते. नखं कापलेली, मनगटाला अत्तर लावलेलं. दुर्गाबाईंनी त्या हातांकडं पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. "तिकडून वरून टाकशीन आन् इकडून हातात देशीन? ठेव तुह्याजवळ." त्या वळल्या. गाडीत बसून दार लावेपर्यंत मागून पुन्हा आवाज सुरू झाला होता, टप टप टप.

गाव मागे पडलं. मग अनुप म्हणाला, "आई, हे तू मले कधी सांगितलं नाही."

"तुही मान ताठ राहावी म्हणून नाही सांगितलं," दुर्गाबाई म्हणाल्या. "वाटलं, नुसती सवय लावली तरी पुरे." आणि मग पिंकीला मांडीशी ओढून त्यांनी मिठाची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. भावना पुढच्या सीटवर पाठमोरी बसून ऐकत होती. पोळीची आठवण तिला आली असावी, कारण तिनं मध्येच डोळे पुसले. पिंकीनं एकच विचारलं, अळणी वरण कसं लागतं? दुर्गाबाई म्हणाल्या, "घाण लागते. पण पचते."

परतवाड्यात स्टँडजवळ दुर्गाबाईंनी गाडी थांबवायला लावली. समोर एक टपरी होती, अशी की पाहून कोणीही पुढच्या टपरीवर जावं. बरण्यांवर धूळ, पायाशी पिचकाऱ्यांचे डाग, आणि टपरीवाला उत्तमराव तळहातावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसलेला. हेच दुकान इतर दिवशी असतं तर दुर्गाबाईंनी नाकाला पदर लावून रस्ता ओलांडला असता.

"लिमलेट हाय काय, भाऊ?"

"हाय नं, माय." उत्तमरावानं खर्रा दाढेत धरला, हात शर्टाच्या पोटाला पुसला, त्यानं हात काही स्वच्छ झाला नाही, आणि तोच हात बरणीत घातला. गोळ्या एकमेकींना चिकटल्या होत्या. त्यानं नखानं त्या सोडवल्या. भावनानं घाईघाईनं पर्समध्ये टिश्यू शोधायला सुरुवात केली. अनुप आईकडं बघत होता, आता स्फोट होणार म्हणून.

"कोनाले देऊ? या लहान्या बाईले? घे व माय," उत्तमराव म्हणाला. टपरीतून अर्धा बाहेर वाकून त्यानं पिंकीचा हात आपल्या हातात धरला, गोळ्या तिच्या तळव्यावर ठेवल्या आणि तिची बोटं मिटून दिली.

पिंकी हाताकडं बघत राहिली. गोळीवर खर्ऱ्याचा कण होता. "आजी, धुवून खाऊ?"

"नाई," दुर्गाबाई म्हणाल्या. "तशीच खा."

मग त्यांनी स्वतःचाही हात टपरीपुढं पसरला, उत्तमरावानं त्यावर एक गोळी ठेवली, आणि ती न पुसता त्यांनी तोंडात टाकली.